हात मागे बांधलेले साहेब

आमच्या साहेबांना दोन हात आहेत हे मला बरेच दिवस नुसतं अंदाजाने माहीत होतं. सही करताना उजवा दिसायचा, डबा खाताना दिसायचा. पण एकदा हँगरमध्ये पाऊल टाकलं की दोन्ही हात पाठीमागे जात आणि एकमेकांची बोटं धरून तिथेच मुक्काम करत. मग दिवसभर साहेब हनुवटीने काम करायचे. "तो नट बघ" म्हणताना हनुवटी डावीकडे, "हे कुणी केलं?" म्हणताना हनुवटी वर. नव्या माणसाला आठवडाभर कळायचं नाही, की हे आपल्याला नट दाखवतायत की यांच्या मानेत उसण भरलीय.

आमचा हँगर म्हणजे लोणावळ्याच्या मागे, डोंगरावरच्या पठारावर पत्र्याची एक मोठी शेड. पुढे एक खासगी धावपट्टी. मालक तळेगावचे, बांधकामातले. त्यांची तीन छोटी विमानं तिथे उभी असत. त्यातलं एक दोन इंजिनांचं, सहा माणसांचं, आणि तेच मालकांचं लाडकं. साहेब मुख्य इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. मी त्यांच्या हाताखाली, म्हणजे खरं तर त्यांच्या हनुवटीखाली, नव्याने लायसन काढून लागलेली.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी भाज्याची, म्हणून मी 'भाजे'. आमचा मेकॅनिक वडिवळ्याचा, घरची भातशेती सांभाळून कामाला येणारा, तो 'वडिवळे'. पायलटने वराळ्याच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, त्या दिवसापासून तो 'वराळे'. तो बिचारा मूळचा सोलापूरचा. "साहेब, माझं गाव ते नाही," असं त्याने एकदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "हप्ते कुठले भरतोस? मग गाव तेच." मला या हाकेचा फार राग यायचा. आता माझ्या खुर्चीवर बसून मीच नव्या पोरांना त्यांच्या गावाने हाक मारते, तो भाग वेगळा.

साहेबांचा एक कायदा होता, आणि तो कुठल्याही सरकारी नियमात नव्हता. जो हात लावेल तो वर जाईल. विमानात काही खोललं, जोडलं, आवळलं, की नंतरच्या चाचणी उड्डाणात त्या माणसाने बसायचंच. "आपण आवळलेल्या नटावर आपण बसायचं नाही, तर कुणाला बसवायचं? मालकाच्या सासूला?" असं ते विचारत. पहिल्याच आठवड्यात मी एक पाइप बदलला आणि दुसऱ्या दिवशी पवना धरणाच्या वर मला ओकारी झाली. खाली उतरल्यावर साहेबांनी आधी पाइप गळत नाही ना हे विचारलं, मग मला लिंबू सरबत दिलं.

वडिवळेला मात्र हा कायदा फार मानवला. पहिल्यांदा वर जाऊन आला तो थेट साहेबांसमोर उभा राहिला. "सायब, आमचं वावर वरनं लय झ्याक दिसतंय. पन शेजाऱ्यानं आमचा बांध कोरलाय. खालनं कदी दिसलंच न्हाई बगा." तेव्हापासून तो गरज नसताना नट आवळायला लागला. दर उड्डाणाला बांध किती सरकला ते बघून यायचा आणि संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात उभा राहायचा. त्या शेजाऱ्याला अजूनही कळलेलं नाही की याला एवढं अचूक कळतं कसं.

आणि साहेब? साहेब कधीच वर गेले नाहीत. "मी हात लावत नाही. मी बघतो," एवढंच त्यांचं उत्तर. विमानांवर सगळी हयात घालवलेला हा माणूस दिल्लीला परीक्षेसाठी रेल्वेने जायचा, लेकीकडे नागपूरला रेल्वेने जायचा. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "गाडी बंद पडली तर खाली उतरून चहा पिता येतो." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते पाठीमागचे हात म्हणजे रुबाब नव्हे. साहेबांना उडायची भीती वाटत होती, आणि हात बांधून ठेवणं हा त्यांच्या स्वतःच्याच कायद्यातून काढलेला पळण्याचा रस्ता होता. मी हे कुणालाच बोलले नाही. मला ते त्या दिवसापासून जास्त आवडायला लागले.

दोन इंजिनांच्या विमानाला ते 'एकत्र कुटुंब' म्हणत. पायलटच्या उजव्या हाताशी थ्रॉटलच्या दोन मुठी असतात, एक डाव्या इंजिनाची, एक उजव्या. पुढे ढकलल्या की जोर वाढतो, मागे ओढल्या की कमी होतो. "या दोघी जावा आहेत," साहेब सांगत. "एकीला दिलं ते दुसरीला द्यायचं. एक पुढे आणि एक मागे राहिली की घर फिरलंच." आणि ते खरंच आहे. एका इंजिनाचा जोर राहिला आणि दुसऱ्याचा गेला, तर विमानाचं नाक गर्रकन वळतं. उंचावर असलात तर सावरता येतं. उतरताना जमीन जवळ असते.

थ्रॉटल नीट चालत नसेल तर दोष शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. मुठीपासून इंजिनापर्यंत एक केबल जाते, नळीतून, सायकलच्या ब्रेकसारखी. आधी मुठी घट्ट-सैल करायचा जो गोल नॉब असतो तो पूर्ण सैल करायचा. मग इंजिनाच्या टोकाला केबल सोडवायची आणि मूठ हलवून बघायची. मूठ मोकळी हलली तर दोष इंजिनाकडे. तरीही जड असेल तर दोष केबलमध्ये किंवा मुठीकडे. "आधी चूल वेगळी करा, मग भांडण कुणाचं ते कळतं," हे त्यांचं वाक्य मला झोपेतही ऐकू येई.

दुसरा कडक नियम कॉकपिटचा. आत सुटी वस्तू न्यायची नाही. पेन नाही, नाणं नाही, केसांची पिन नाही. दाराशी साहेब हनुवटीने खिसे रिकामे करायला लावत. त्यांचं हाडवैर होतं वराळेच्या चिक्कीशी. वराळेला उड्डाणात चिक्की लागायची, शेंगदाण्याची, आणि तो ती कुठे ना कुठे लपवून न्यायचाच. साहेबांना सीटखाली गुळाचा एक कण सापडला की ते तो चिमट्याने उचलून त्याच्या टेबलावर ठेवायला लावत. शेवटी दोघांचं बोलणं बंद झालं. समोरासमोर उभे राहून दोघंही माझ्याशी बोलायचे. "भाजे, त्याला विचार, तेल बघितलं का." "बघितलंय म्हणून सांगा त्यांना." मधे मी, तारघरातल्या बाईसारखी.

दसऱ्यालाही हा नियम सुटत नसे. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजायचो. पाने, कॉम्प्रेसर, विमान ओढायचा ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. विमानाला मात्र फक्त बाहेरून नमस्कार. "आत देव्हारा नाही, आत यंत्र आहे," असं साहेब बजावत. वडिवळेला हे बिलकुल पटायचं नाही. "सायब, ट्र्याक्टरला माळ आन् इमानाला नुसता नमस्कार? इमान रुसंल की." साहेब म्हणत, "रुसू दे. मी समजूत काढीन."

त्या वर्षी दिवाळी झाली आणि दोन इंजिनांच्या विमानात भुताटकी सुरू झाली. वराळे उतरत होता. त्याने दोन्ही मुठी एकदम मागे ओढल्या. उजवी आली, डावी मधेच अडून बसली. विमानाचं नाक उजवीकडे वळलं. वराळेने नॉब सैल केला, मूठ हिसडली, ती आली, आणि तो सरळ उतरला. पण उतरल्यावर तो विमानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. त्याच्या हातात चिक्की होती आणि तो ती खात नव्हता.

"भाजे, त्याला विचार, गूळ कुठे सांडला," साहेब म्हणाले.

"त्यांना सांगा, मी गुळाने मरत नव्हतो, थ्रॉटलने मरत होतो," वराळे म्हणाला.

आम्ही शोध सुरू केला. नॉब सैल केला, केबल सोडवली, मूठ हलवली. लोण्यातून सुरी फिरावी तशी मोकळी. मग इंजिनाकडचा भाग साफ केला, तेल दिलं. मावळातल्या दमट हवेने केबल गंजली असेल म्हणून ती अख्खी बाहेर काढून बघितली. चकचकीत. पुन्हा जोडलं, जमिनीवर इंजिनं चालवली. दोन्ही मुठी शहाण्यासारख्या पुढे-मागे. वर नेलं, दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा डावी पुन्हा अडली. वडिवळेचा बांध बघून झाला, दोष काही सापडेना.

साहेबांची मोठी पंचाईत झाली. त्यांना मनापासून वाटत होतं की मुठींच्या खाचेत चिक्की गेलीय. पण त्यांचीच रीत सांगत होती, की चूल वेगळी केल्यावर मूठ मोकळी आहे, म्हणजे मुठीकडे दोष नाही. रीत मोडावी तर स्वतःचा शब्द जातो, पाळावी तर वराळे निर्दोष सुटतो. दोन दिवस ते विमानाभोवती हात मागे बांधून फेऱ्या मारत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते.

त्यात मालक आले. त्यांच्याकडे लग्नाची बोलणी चालू होती, पाहुण्यांना शनिवारी विमानातून फिरवायचं ठरलं होतं. साहेब म्हणाले, "दोष सापडल्याशिवाय सही नाही." मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही आठवडाभर शोधताय. मला एक तरुण इंजिनिअर भेटलाय. शुक्रवारपर्यंत सही नसेल, तर शनिवारपासून तो येईल." आणि गाडीत बसून गेले.

त्या दिवशी साहेबांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला रडू आलं, म्हणून मी वडिवळेवर ओरडले.

मग मी माझं तारघरच कामाला लावायचं ठरवलं. मी वराळेला म्हटलं, "साहेब विचारतायत, वर असताना तू नक्की काय करतोस ते बसून दाखवशील का?" आणि साहेबांना जाऊन म्हटलं, "वराळे म्हणतोय, मी बसून दाखवतो." दोघांनाही वाटलं की समोरचा नमला.

वराळे सीटवर बसला. पट्टा लावला, मुठी पुढे ढकलल्या, आणि सवयीने त्याने नॉब पिळून घट्ट केला. वर हादऱ्याने मुठी आपोआप मागे सरकू नयेत म्हणून सगळेच पायलट तो पिळतात. मग त्याने दोन्ही मुठी ओढल्या. उजवी आली. डावी मधेच थांबली.

आमच्या रीतीतली पहिलीच पायरी होती, नॉब सैल करा. शोधायला बसलं की आम्ही आधी दोषालाच मोकळं करत होतो. चूक साहेबांच्या रीतीत होती, पण त्या क्षणी साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता. "म्हणजे खाचेतच आहे. भाजे, झाकण काढ. चिक्की निघणार." आणि किती दिवसांनी ते थेट वराळेशी बोलले. "आणि निघाली की तू मला सगळ्यांसमोर सांगायचंस, माझी चूक झाली म्हणून."

"निघू दे तर खरी," वराळे म्हणाला.

मी झाकणाचे स्क्रू काढले. वडिवळेने टॉर्च धरला. डाव्या मुठीच्या बुडाशी, जिथे नॉबने दाबायच्या चकत्या असतात, तिथे काहीतरी तपकिरी अडकलं होतं. मी चिमट्याने ओढलं. चिक्की नव्हती. पान होतं. वाळून वळलेलं, देठ चकत्यांत रुतलेलं, मधोमध चिरलेलं जोडपान. आपट्याचं.

म्हणजे दसऱ्याचं सोनं. ओलं होतं तोवर खाचेत गप्प पडून होतं, वाळल्यावर वळून चकत्यांत रुतलं होतं.

सगळ्यांच्या नजरा वडिवळेकडे गेल्या. तो टॉर्चसकट मागे सरकला. "म्या न्हाई ठिवलं. आईची आन. माझ्या मनात व्हतं, पन सायबांच्या भ्यानं आत पाय ठिवला न्हाई. तुमी माज्याकडं काय बगताय?"

"मग कोण?" वराळे म्हणाला. तो आता फारच खुशीत होता. "मी तर त्या दिवशी रजेवर होतो."

मी साहेबांकडे बघितलं. ते त्या पानाकडे बघत होते. मग त्यांची हनुवटी अगदी थोडीशी उजवीकडे वळली.

"भाजे, उजवीकडे बघ. आणखी एक असेल."

मी टॉर्च घेतला. उजव्या मुठीच्या बुडाशी, थोडं खाली पडलेलं, दुसरं पान होतं. ते कशात अडकलं नव्हतं, नुसतं पडून होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" वराळेने विचारलं.

"एकीला देऊन दुसरीला उपाशी ठेवीन का मी?" साहेब म्हणाले.

कुणी हसलं नाही. वडिवळे पुटपुटला, "सायब, तुमी?" मग साहेबांनी सांगितलं. दर दसऱ्याला सगळे गेल्यावर ते कुलूप लावायला थांबत, आत चढत आणि दोन्ही मुठींवर एकेक पान ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन उचलत. त्या वर्षी सकाळी यायला उशीर झाला, तोवर विमान बाहेर ओढून दारं उघडली होती, पानं दिसली नाहीत, वाटलं वाऱ्याने गेली. "बाहेरून नमस्कार करून भागत नाही रे," ते वडिवळेला म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला. "दोष सापडला. माझाच आहे. माझ्याच हातून झालाय." मालक म्हणाले, "उद्या सकाळी उडवून दाखवा. मग ठरवू."

फोन ठेवल्यावर वराळे घसा खाकरून म्हणाला, "साहेब, हात लावला म्हणजे—" मी त्याच्या पायावर पाय दिला. पण साहेबांनी मान डोलावली. "माहितेय. जो हात लावेल तो वर जाईल."

सकाळी मालक धावपट्टीच्या कडेला येऊन उभे राहिले. पुढच्या उजव्या सीटवर साहेब बसले. मी झाकण लावलं होतं, म्हणून मी मागे. वडिवळेने टॉर्च धरला होता, म्हणून तोही. साहेबांनी पट्टा लावला आणि हात पुन्हा पाठीमागे घातले, सीट आणि पाठ यांच्या मधे. डोळे मिटले. विमान सुटलं तेव्हा त्यांच्या मानेवरून घाम खाली ओघळताना मला मागून दिसत होता. मला फार वाईट वाटलं. सांगावंसं वाटलं, उतरवा यांना, मी करते सही.

"सायब," वडिवळे मागून ओरडला, "डोळं उगडा. आमचं वावर आलं."

साहेबांनी एक डोळा उघडला. "कुठला बांध?"

"त्यो धरणाकडचा. बगा, कसा वाकडा केलाय."

साहेबांनी दुसरा डोळा उघडला. बराच वेळ निरखून म्हणाले, "कोरलाय खरा. चांगला हातभर." वडिवळेला इतकं समाधान तलाठ्यानेही कधी दिलं नव्हतं.

वळून आम्ही खाली यायला लागलो. पठारावरची धावपट्टी समोर दिसत होती. वराळेने नॉब पिळून घट्ट केला. स्वतःचा हात मात्र त्याने मुठींवरून काढला आणि तिथेच जवळ धरून ठेवला. "साहेब, तुम्ही ओढा," तो म्हणाला. चेष्टेने नाही, अगदी हळू.

पाठीमागचे हात सुटायला वेळ लागला. मग उजवा मागेच राहिला आणि डावा पुढे आला. त्याचा तळवा दोन्ही मुठींवर बसला आणि साहेबांनी ओढलं. दोन्ही मुठी एकदम मागे आल्या. दोन्ही इंजिनांचा आवाज एका सुरात उतरला आणि नाक सरळ राहिलं.

"नांदतायत," साहेब म्हणाले.

उतरल्यावर मालक पुढे आले. "नवा माणूस उद्या यायचाय. तो अशी पानं ठेवेल का?"

"नाही ठेवणार," साहेब म्हणाले.

"आणि असा दोष आला तर शोधायला त्याला किती दिवस लागतील?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मला लागले त्यापेक्षा कमी."

"साहेब, तुम्हाला ही नोकरी ठेवायचीय की नाही?"

"ठेवायचीय," ते म्हणाले. पट्टीवर वारा होता, तरी ते एका शब्दाचं उत्तर मला नीट ऐकू आलं. मालकांनी हसू दाबत फोन काढला आणि त्या तरुण इंजिनिअरला सांगितलं, की सध्या राहू दे, आमच्याकडे जागा नाही.

वराळेने खिशातून चिक्की काढून साहेबांपुढे धरली. त्यांनी घेतली, आणि विमानापासून चार पावलं लांब जाऊन खाल्ली. मग ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"भाजे, वरून आपला हँगर केवढा दिसतो गं?"

मी तर कितीदा बघितला होता. "काडेपेटीएवढा."

"तेवढाच दिसला मला." ते शेडकडे बघत राहिले. "एवढ्याशा जागेत मी इतकी वर्षं इतका ओरडत होतो?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, विमानाच्या दारातून आत डोकावले, आणि तिथून त्यांचा आवाज आला. "वडिवळे, हा टॉर्च विमानात कुणी ठेवला?" पण नेहमीपेक्षा जरा हळू.